पिकलची गुरगुर

मंगळवारी सकाळी व्हर्ना कोस्केलाने सात नंबरच्या पिंजऱ्यात वाडगं सरकवलं. हात मागे घेण्याआधीच आतून आवाज आला. फार मोठा नव्हता. लांबच्या रस्त्यावरून बर्फ ढकलणारी गाडी जावी तसा, घशातल्या घशात. साडेतीन महिन्यांचं तपकिरी पिल्लू, एक कान उभा, एक दुमडलेला. वाडग्यावर मान घालून ते लाकडासारखं ताठ उभं होतं. खात होतं, पण डोळा तिच्यावर होता आणि डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसत होतं.

"गुरगुरतोय ना?" कॉरिडॉरमधून बेव्हचा आवाज आला. बेव्ह ट्रुडेल कुत्र्यांच्या या निवाऱ्यात दाराजवळच्या टेबलामागे बसायची, फोन घ्यायची आणि येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला त्या दिवशी डब्यात जे असेल त्याचं नाव ठेवायची. हे पिल्लू आलं त्या दिवशी तिच्या डब्यात पावाबरोबर आंबवलेली काकडी होती, म्हणून पिल्लाचं नाव पिकल. "बाटली आणू का?"

"नको."

"गुरुवारी ड्वाइट येतोय."

"माहितीये."

"मग?"

"मग नको म्हटलं ना, बेव्ह."

बेव्हने खांदे उडवले. व्हर्ना गुडघ्यावर हात टेकून उठली. गुडघा नेहमीसारखा कटकन वाजला. मार्च अर्धा संपला होता. नोव्हेंबरात पडलेला बर्फ अजून खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत होता, वरून काजळीसारखा काळा. अकरा वर्षं ती या कुत्र्यांचे पिंजरे धूत होती. यंदाच्या हिवाळ्याइतकी थकली असल्याचं मात्र तिला आठवत नव्हतं.

आगेट बे गावच्या या निवाऱ्यात चौदा पिंजरे होते. सरोवराकाठच्या या भागात दुसरा निवारा गाठायचा तर गाडीने अडीच तास, तेही रस्ता उघडा असेल तर. त्यामुळे इथे आलेलं कुत्रं एक तर कुणाच्या घरी जायचं, नाही तर कुठेच जायचं नाही. कोण कुठे जाणार ते ड्वाइट पेरो ठरवायचा. शेरिफच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेला, कंबरेतून वाकलेला माणूस. दर गुरुवारी तो येई, पिल्लासमोर खाण्याचं वाडगं ठेवी आणि काठीच्या टोकाला बसवलेला रबरी हात त्या वाडग्यात घाली. पिल्लू गुरगुरलं की कार्डावर लाल रेघ. दोन गुरुवारी दोन लाल रेघा पडल्या की ते पिल्लू घरी देण्याजोगं नाही, मग त्याला मरणाची सुई. नियम सहा वर्षांपूर्वी एका मुलाच्या गालाला कुत्रं चावल्यावर झाला होता आणि कुणालाही तो वावगा वाटला नव्हता. व्हर्नालाही नाही.

तिने फक्त त्यातून वाट काढली होती.

वाट सोपी होती. सोमवारपासून बुधवारपर्यंत, जेवणाच्या वेळी, पाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेऊन गुरगुरणाऱ्या पिल्लासमोर बसायचं. वाडग्यात हात घालायचा. गुरगुरलं की तोंडावर फवारा आणि जोरात "चूप!" पहिल्या दिवशी सातआठ वेळा, दुसऱ्या दिवशी दोनतीनदा. तिसऱ्या दिवशी पिल्लू तोंडातून चकार शब्द काढायचं नाही. गुरुवारी रबरी हात वाडग्यात आला तरी गप्प. ड्वाइट हिरवी खूण करायचा, शनिवारी कुणीतरी पोरंबाळं घेऊन यायचं आणि पिल्लू गाडीच्या मागच्या सीटवर बसून निघून जायचं. व्हर्ना खिडकीतून बघायची. या नोकरीत बघण्यासारखं तेवढंच होतं. बेव्हला हे माहीत होतं. कुत्र्यांना फिरवायला येणाऱ्या दोघी बायकांनाही. ड्वाइटला नव्हतं.

जानेवारीत कॅरल स्टिमाच आली. उजवा हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत, डाव्या हातात दोरी आणि दोरीला वॅफल. ऑक्टोबरात व्हर्नाने बाटलीने गप्प केलेलं पिल्लू, आता चांगलं थोराड झालेलं. कॅरलच्या हाताला सात टाके पडले होते.

"मी नुसतं वाडगं उचलायला गेले," कॅरल म्हणाली. साठीची रुंद खांद्यांची बाई, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. ती रागावली नव्हती. तेच व्हर्नाला जास्त लागलं. "एकदासुद्धा गुरगुरला नाही हो. कधीच नाही. गुरगुरला असता तर मी कशाला हात घातला असता? राहिलं असतं त्याचं वाडगं तिथंच."

नियमाप्रमाणे दहा दिवस वॅफलला वेगळं ठेवलं. अकराव्या दिवशी गावातली पशुवैद्य बाई आली. वॅफलचं डोकं व्हर्नाच्या मांडीवर होतं. सुई भरता भरता बाई सहज, हवामानाबद्दल बोलावं तशी म्हणाली, "याला कुणीतरी गुरगुरू दिलं नसणार. भीती तशीच आत राहते आणि सांगायची सोय तेवढी काढून घेतलेली असते. मग एकदम दातच." तिने वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी व्हर्नाच्या चेहऱ्यावरून तिला काही कळलं असतं असं नाही. गेली कित्येक वर्षं तो चेहरा काही सांगत नव्हता.

बाटली त्या दिवसापासून धुण्याच्या खोलीतल्या वरच्या फळीवर पडून होती. त्यानंतर निवाऱ्यात आलेलं, गुरगुरणारं पहिलं पिल्लू म्हणजे पिकल.

मंगळवारी दुपारी व्हर्ना तिच्या डब्यातली मांस भरलेली अर्धी पास्टी घेऊन सात नंबरसमोर आली. बाहेरचं कणकेचं आवरण तिने स्वतः खाल्लं आणि आतले मांसाचे तुकडे हातात ठेवले. पिकल जेवत होता. ती आठ पावलांवर थांबली. पिकलने मान वर केली नाही, गुरगुरला नाही. सातव्या पावलाला त्याचं खाणं थांबलं. सहाव्याला अंग ताठ झालं आणि आवाज सुरू झाला.

"बरं," व्हर्ना म्हणाली. "ऐकलं."

ती दोन पावलं मागे गेली. आवाज थांबला. तिने तिथून मांसाचा एक तुकडा वाडग्याजवळ टाकला आणि पाठ फिरवून चालू लागली. पुन्हा आली, पुन्हा आठव्या पावलावरून तुकडा टाकला, पुन्हा गेली. सहाव्या खेपेला पिकलने तिला येताना पाहिलं आणि वाडग्यातून तोंड काढून वाट बघू लागला. शेपूट हलत नव्हती, पण खाली घातलेलीही नव्हती.

"हे काय नवीन?" बेव्हने विचारलं. "वेट्रेस झालीस का त्याची?"

"हो."

"आणि तो टिप देणार?"

"गुरगुरला नाही तर तीच टिप."

"अगं, पण गुरुवारपर्यंत तू पोचणार तिसऱ्या पावलापर्यंत. तो रबरी हात थेट नाकाखाली येतो." बेव्हने आवाज खाली आणला. "व्हर्ना, बाटलीने दोन दिवसांत होईल. मरण्यापेक्षा दोन दिवस तोंड ओलं झालेलं बरं. तूच सांगायचीस हे मला."

सांगायची खरी. बेव्ह चुकीचं बोलत नव्हती, आणि रात्री अंथरुणावर पडल्यापासून व्हर्नाच्या डोक्यातही तेच घोळत होतं. बाटली फळीवर होती. हात वर केला की हाताला लागली असती.

बुधवारी संध्याकाळपर्यंत ती चौथ्या पावलावर आली. हातमोजे ओले होऊन कडक झाले होते, पाठ अखंड ठणकत होती. चौथ्या पावलावर पिकलची शेपूट दोनदा हलली. तिसऱ्यावर गुरगुर. ती मागे सरली.

गुरुवारी दहा वाजता ड्वाइट आला. त्याने बूट दारात आपटून बर्फ झाडला, कॉफी घेतली आणि कंबरेवर हात ठेवून कुरकुरला.

"कुणाकुणाचं आहे आज?"

"एकाचंच," व्हर्ना म्हणाली. "पिकल."

"काय नावं ठेवते ही बाई! कुत्रा आहे की सँडविच?"

पिकलला छोट्या खोलीत आणलं. वाडगं ठेवलं. तो खाऊ लागला. ड्वाइटने काठी पुढे केली, रबरी हात वाडग्यात शिरला आणि पिकल गुरगुरला. मोठ्याने, न थांबता. ओठ वर चढले, दुधाचे दात दिसले. ड्वाइट काठी तशीच धरून मनात आकडे मोजत होता. नियमाप्रमाणे हात पाच आकडे होईपर्यंत आत ठेवायचा असे.

"काढ," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"हात मागे घे, ड्वाइट. त्याने सांगितलं तुला."

"पाच होऊ देत."

"पाचपर्यंत थांबलास तर सहाव्याला तो चावेल आणि तू लिहिशील चावरा म्हणून. आता काढ आणि बघ."

ड्वाइटने तिच्याकडे पाहिलं. सहा वर्षांत या बाईने परीक्षेच्या वेळी तोंड उघडलेलं त्याला आठवत नव्हतं. त्याने हात मागे घेतला. आवाज तिथल्या तिथे तुटला. पिकलने मान खाली घातली, दोन घास खाल्ले, ड्वाइटकडे पाहिलं आणि पुन्हा खाऊ लागला. चाल करून आला नाही. काठीच्या मागे धावला नाही.

"लाल रेघच आहे ही," ड्वाइट म्हणाला. तरी पेन त्याने हातातच ठेवलं. "व्हर्ना, माझ्या सहीवर लोक हे प्राणी घरी नेतात. त्या घरांत लहान पोरं रांगतात. गुरगुरणारं कुत्रं मी कसं देऊ?"

"न गुरगुरणारी दिलीस ना."

"म्हणजे?"

ती भिंतीला टेकली. बसायला खुर्ची नव्हती, नाही तर बसली असती. मग तिने सगळं सांगितलं. बाटली, सोमवार ते बुधवार, चूप. कोणती पिल्लं, कोणत्या घरी. सांगताना आवाज चढला नाही, पडलाही नाही. एखादा माणूस थकून घरी आल्यावर पायातले जड बूट काढतो तशी ती एकेक वाक्य काढत गेली. शेवटी म्हणाली, "वॅफल तुझ्या परीक्षेत पास झालाच नव्हता. मी त्याचा आवाज बंद केला होता. तो घाबरलेलाच होता, फक्त कॅरलला ते कळायची सोय मी ठेवली नाही."

ड्वाइटने काठी भिंतीला टेकवली. पिकल रिकामं वाडगं चाटत होता, त्याचा फरशीवर घासल्याचा आवाज येत होता.

"किती?" ड्वाइटने विचारलं.

"वॅफल सोडून अकरा."

"अकरा घरं." त्याने डोळे चोळले. "देवा! मला हे वर कळवावं लागेल. समजतंय ना? नोकरी जाईल कदाचित."

"समजतंय."

"का केलंस असं?"

"तुझ्याकडे दोनच पेनं आहेत म्हणून," ती म्हणाली. "लाल आणि हिरवं."

तो हसला नाही, पण रागावलाही नाही. वाकलेल्या कंबरेने खाली बसायला त्याला वेळ लागला. पिकलपासून चार पावलांवर तो जमिनीवर बसला आणि त्याच्याकडे पाहत राहिला. खात्यात असताना त्याला दोनदा कुत्रं चावलं होतं. दोन्ही वेळा कुत्र्याने आधी बजावलं होतं आणि दोन्ही वेळा तो पुढे गेला होता, कारण तेव्हा त्याचं कामच पुढे जाण्याचं होतं. हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही तो नुसतं "हं" म्हणाला.

मग त्याने तीन गोष्टी सांगितल्या. अकरा घरांना फोन व्हर्नानेच करायचे, आजपासून. पिकलच्या कार्डावर लाल रेघ पडणार, पण दुसरी परीक्षा पुढच्या गुरुवारी न घेता दोन आठवड्यांनी घेईन. आणि तोवर कुणी या पिल्लाला न्यायला तयार झालं, तर त्या माणसाने आपल्या कानांनी त्याची गुरगुर ऐकलेली असली पाहिजे. माझ्यासमोर. ऐकून सही केली तर पिल्लू देईन.

"गुरगुर ऐकून कोण नेणार आहे?" बेव्ह दारातून म्हणाली. ती केव्हाची तिथे उभी होती.

"ते मला नको विचारू," ड्वाइट म्हणाला.

व्हर्नाने फोन केले. रोज दोनतीन, पिंजरे धुऊन झाल्यावर. "तुमचा कुत्रा जेवताना गप्प असतो, हे चांगलं लक्षण समजू नका. तो खाताना वाडग्याला हात लावू नका. अंग ताठ होतंय का बघा. गुरगुरला तर ओरडू नका, मागे सरा, आणि तो गुरगुरला याबद्दल देवाचे आभार माना." काही जणांनी आभार मानले. एकाने शिव्या दिल्या. एक बाई फोनवर रडली, कारण तिच्या धाकट्याला गेल्याच आठवड्यात दात लागून ओरखडा उठला होता आणि तिने नवऱ्यापासून ते लपवलं होतं. व्हर्नाने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

बारावा फोन कुणी करायला सांगितला नव्हता.

"कॅरल? मी व्हर्ना कोस्केला. निवाऱ्यातून."

"बोला."

व्हर्ना बोलली. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. बोलणं संपल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं," कॅरल शेवटी म्हणाली.

"नाही. तुमचं काही चुकलं नाही. वॅफलचंही नाही."

"मी दोन महिने विचार करतेय, मी त्याला असं काय केलं." पलीकडे भांडी पुन्हा वाजू लागली. "तुम्हाला फोन न करताही चाललं असतं."

"हो."

"आता आहे का कुणी? गुरगुरणारं?"

"आहे एक."

"मोठ्याने गुरगुरतं?"

"चांगलं मोठ्याने."

"मग बघते," कॅरल म्हणाली आणि फोन ठेवला. 'बघते' म्हणणारी माणसं येत नाहीत, हे व्हर्नाला अकरा वर्षांत कळून चुकलं होतं.

दुसऱ्या परीक्षेच्या गुरुवारी सकाळी नऊला कॅरल दारात उभी होती. हाताची पट्टी निघाली होती. अंगठ्यापासून मनगटापर्यंत गुलाबी वण होता. ड्वाइट दहाला आला. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग व्हर्नाकडे पाहिलं.

"नियम सांगितलाय ना यांना?"

"सांगितलाय," कॅरल म्हणाली. "ऐकायचं आणि सही करायची. बसू कुठे?"

ती खाली फरशीवर बसली. पिकलला आणलं. वाडगं ठेवलं. पिकल खाऊ लागला. कॅरल तीन पावलांवर होती. पिकलने तिच्याकडे पाहिलं आणि खात राहिला.

आवाज नाही.

"जरा पुढे सरका," ड्वाइट म्हणाला.

ती अडीच पावलांवर आली, मग दोन. आवाज नाही. दोन आठवडे व्हर्ना रोज चार वेळा मांसाचे तुकडे टाकत आली होती. काल तर ती एका पावलावर उभी होती आणि पिकलने वाडगं सोडून तिच्या हाताचा वास घेतला होता. तो सुधारला म्हणून गप्प होता की गप्प बसायला शिकला होता? या दोन प्रकारच्या गप्प बसण्यात काय फरक असतो, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. गप्प बसलं की तिचं काम संपायचं.

"गुरगुर ना रे मेल्या," बेव्ह दारातून पुटपुटली. "एरवी नको तेव्हा तोंड चालतं."

"शू!" ड्वाइट म्हणाला. तोही पुढे वाकला होता. एक निवृत्त शेरिफवाला, दोन नोकरदार बायका आणि टाके पडलेल्या हाताची तिसरी, चौघं श्वास रोखून एका साडेतीन किलोच्या पिल्लाच्या गुरगुरण्याची वाट बघत होती.

व्हर्ना खाली वाकली आणि पिकलकडे नीट पाहू लागली. कान बघितले. पाठ बघितली. पाठ मऊ होती, लाकूड नव्हती. डोळ्याची कड पांढरी नव्हती. शेपूट मधेच एकदा डावीकडे हलली. खाणं सावकाश चाललं होतं, घाईत गिळत नव्हता.

"घाबरलेला नाही," ती म्हणाली. "इथपर्यंत त्याला चालतंय. म्हणून गप्प आहे."

"मग सही कशावर घेऊ?" ड्वाइट म्हणाला.

कॅरलने वणाचा हात उचलला. तो थोडा थांबला, तिच्याही मनाविरुद्ध. मग तिने तो सावकाश वाडग्याकडे नेला. एक वीत अंतरावर पिकलचं खाणं थांबलं. पाठ ताठ झाली. आणि घशात तो आवाज सुरू झाला, बारीक, खालचा, पण स्पष्ट.

कॅरलने हात लगेच मागे घेतला.

"बरं, बरं," ती म्हणाली. "राहू दे तुझं तुझ्यापाशी. ऐकलं मी."

आवाज थांबला. पिकलने एक घास खाल्ला. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जणू पुढे काय ते तिनेच सांगायचं होतं. कॅरलने कोटाच्या खिशातून चीजचा तुकडा काढून वाडग्याजवळ टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पुसले नाहीत.

ड्वाइटने कागद पुढे केला. "इथं. 'गुरगुर प्रत्यक्ष ऐकली' याच्या खाली." कॅरलने सही केली. मग त्याने कार्ड घेतलं, लाल पेन उचललं, खाली ठेवलं, हिरवं उचललं, तेही ठेवलं. खिशातून स्वतःचं निळं पेन काढलं आणि लिहिलं: 'बजावतो. ऐकलं की थांबतो.' त्याला स्वतःचं अक्षर आवडलं नाही. तरी त्याने ते तसंच राहू दिलं.

"वरून अजून काही आलेलं नाही," जाताना तो व्हर्नाला म्हणाला. "पण येईल."

"येऊ दे."

खिडकीतून तिने कॅरलची गाडी निघताना पाहिली. मागच्या सीटवर दुमडलेला एक कान दिसला आणि गाडी बर्फाच्या काळ्या ढिगाआड गेली. व्हर्नाने धुण्याच्या खोलीत जाऊन वरच्या फळीवरची बाटली काढली, मोरीत रिकामी केली आणि कचऱ्यात टाकली. मग सात नंबरचा पिंजरा धुवायला घेतला. दोन नंबरमध्ये काल रात्री कुणीतरी दाराशी बांधून गेलेली काळी कुत्री होती. बेव्हने तिचं नाव सूप ठेवलं होतं. व्हर्ना जवळून गेली तशी सूप गुरगुरली.

व्हर्ना थांबली, दोन पावलं मागे सरली आणि गुडघा वाजवत खाली बसली.

"हं," ती म्हणाली. "सांग."